फ्रिजखालचा गेंडा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला पन्नासाव्या वाढदिवशी त्याच्या बायकोने पत्त्यांचं एक बंद पाकीट दिलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला, "एकदम कोरं आहे," म्हणाला, आणि न फोडता काचेच्या कपाटात ठेवून दिलं. गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती. पण त्या पाकिटात काय आहे हे बायकोला माहीत होतं आणि त्याला नव्हतं, त्यामुळे ती संपली नाही.

हे पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. यांच्या प्रत्येक पानावर एक प्राणी असतो, जो जंगलात कुठे सापडत नाही. प्राण्याखाली त्याची शक्ती लिहिलेली असते, मग कमजोरी, आणि मग ते पान टाकल्यावर काय होतं ते. बंद पाकिटात अशी मूठभर पानं. आत कोणती आहेत हे फोडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा साधीच निघतात, कधीतरी एखादं चकाकणारं निघतं. त्या 'कधीतरी'वर हा सगळा खेळ उभा आहे.

शनिवारी दुपारी स्टेशनरीच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत हा खेळ चालायचा. खेळणारी सगळी चष्मे लागलेली, लेकीसुना असलेली माणसं. त्यांच्यात दोन तट होते. एक फोडणारे: हे पाकीट हातात आलं की टराटरा फोडायचे, त्याच पानांनी खेळायचे आणि त्यांच्यावर चहा सांडायचे. दुसरे राखणारे. राखणारे पाकीट फोडत नाहीत, कारण बंद पाकिटाचं मोल दरवर्षी वाढतं असं त्यांचं म्हणणं. वाढलेल्या मोलाचं पुढे काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

लिफ्टवाला राखणारा होता. घरात काचेचं कपाट, कपाटात पाकिटांची रांग, आणि रांग नीट दिसावी म्हणून आत एक छोटा दिवा. बाथरूमचा दिवा कधीचा गेला होता. तो गेलेलाच होता.

त्याची बायको बियाण्यांच्या कारखान्यात कामाला होती. भेंडी, झेंडू, टोमॅटो, जे काही बी असेल ते पाकिटात पडलं की त्याचं तोंड बंद करायचं, हे तिचं खातं. सीलिंग मशीनचे दोन गरम जबडे असतात, पाकिटाची कड त्यांत धरायची आणि वेळेवर सोडायची. लवकर सोडली तर तोंड उघडं राहतं, उशिरा सोडली तर करपतं. तिच्या हातचं पाकीट कधी परत आलं नव्हतं. कारखान्यात सगळे तिला सीलवाल्या ताई म्हणायचे, आणि नव्या मुली तिचं सील उजेडात धरून बघायच्या.

नवऱ्याला पन्नाशीला काय द्यावं, याचा तिने बराच विचार केला होता. नणंदेने विचार केला नव्हता. तिने पाय चेपायचं मशीन पाठवलं होतं, त्यावरची किमतीची चिठ्ठी चुकून राहिली असावी अशा बेताने ठेवलेली. लिफ्टवाल्याने त्यात एकदाच पाय घातले आणि इतका ओरडला की वरच्या मजल्यावरचे खाली आले. आता त्या मशीनवर इस्त्रीचे कपडे ठेवतात.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. या माणसाला काय आवडतं, हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, पण तिला होतं. लिफ्टवाल्याचा फोन म्हणजे त्याच्या गळ्यातला फास. चहाचा कप तोंडाशी नेला की कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट अडकलीच. त्यामुळे त्याचा चहा कायम उभ्याने, एक पाय चपलेत. फक्त एकदा, फोनची बॅटरी मेली होती त्या दिवशी, तो बाल्कनीतल्या खुर्चीत बसून अख्खा कप प्यायला होता, डोळे मिटून, उन्हात बसलेल्या बोक्यासारखा. तिने ते स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. असा कपभर वेळ कुठल्या दुकानात मिळत नाही, म्हणून तिने तो घरी बनवायचं ठरवलं.

तिने एक पान बनवलं. अगदी खेळातल्यासारखं, त्याच मापाचं, त्याच चौकटीचं. मध्ये तिने नवऱ्याचं चित्र काढलं: बाल्कनी, खुर्ची, हातात कप, बाहीला भोक पडलेला बनियन, आणि पोट जेवढं आहे तेवढं. नाव लिहिलं, 'बाल्कनीतला बोका'. शक्ती: एका जागी बसणे. कमजोरी: फोन. त्याखाली बारीक अक्षरात: 'हे पान टाकणाऱ्याला लगेच कपभर चहा मिळेल. कप रिकामा होईपर्यंत त्याच्याशी कोणीही बोलणार नाही. फोन वाजला तर बायको घेईल. अडकलेल्यांना धीर बायको देईल.'

मग तिने त्याच स्टेशनरीच्या दुकानातून एक हिरवं पाकीट आणलं, जेवणाच्या सुट्टीत ते मशीनवर हलकेच तापवून त्याची खालची कड सोडवली, आणि आपलं पान आत घातलं. एक घालायचं तर एक काढायला हवं, कारण ही मंडळी पाकिटं तोलूनही बघतात. तिने चकाकणारं पान काढलं. त्यावर कसलं तरी जाडं जनावर होतं आणि त्याच्या चकाकीशेजारी तिचा बोका बिचारा फिका दिसत होता. कागदाला कागद चिकटवून तिने वजनही जुळवलं होतं. मग सील मारलं. स्वतःचंच सील बघून तिला बरं वाटलं.

काढलेलं जनावर खिशातून घरी आलं. घरातला फ्रिज तेव्हा पुढच्या डाव्या पायावर डुगडुगायचा आणि चालू झाला की ट्रक चढावर चढतोय असा आवाज करायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरातला फ्रिज कोण दुरुस्त करणार? तिने ते पान पायाखाली सरकवलं आणि फ्रिज गप्प झाला.

वाढदिवस झाला, पाकीट कपाटात गेलं. ती वाट बघत राहिली. "उघडून बघा की," ती एकदा सहज म्हणाल्यासारखं म्हणाली.

"उघडलं की गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"मोल."

तिला ते लागलं. सांगून टाकता आलं असतं, पण मी तुमच्यासाठी अमुक केलंय बरं का, असं स्वतःच सांगायचं तर ती भेट राहत नाही, तक्रार होते. तिने सांगितलं नाही. रोज संध्याकाळी कपाटातला दिवा लागायचा, हिरवं पाकीट त्या उजेडात बसून राहायचं, आणि त्याच्या समोर लिफ्टवाला उभ्याने चहा प्यायचा.

त्यातच एकदा जेवताना तो म्हणाला, "एरवी मला सुट्या पानांचं वेड नाही. पण काचेचा गेंडा मिळाला तर फ्रेम करीन." आणि त्याने गेंड्याचं वर्णन केलं: अंग पारदर्शक, शिंग निळं, पाठीवर चांदणं. तिचा घास तोंडातच राहिला. तो झोपल्यावर तिने फ्रिज जरा उचलून बघितला. निळं शिंग होतं. पाठीवरच्या चांदण्यात फ्रिजच्या पायाचा गोल खळगा पडला होता. आता गेंड्याचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिने फ्रिज खाली ठेवला.

असं वर्ष गेलं. मग एका गुरुवारी कपाट पुसताना तिला रांगेत हिरवं पाकीट दिसलं नाही. त्या जागी निळं होतं.

"हिरवं कुठे गेलं?"

"दाताच्या डॉक्टरांना दिलं." तो खुशीत होता. "त्यांनी निळं दिलं. रांगेत निळंच तेवढं राहिलं होतं बघ. आता पुरी झाली."

"ते मी दिलं होतं तुम्हाला."

"मग हे तूच दिलेलं झालं की. बंदाला बंद दिलं. फक्त रंग बदलला."

यात त्याचा काही डाव नव्हता, आणि तीच पंचाईत होती. डाव असता तर तिला भांडता आलं असतं. तिने फडकं झटकलं आणि विचारलं, "डॉक्टर काय करणार त्याचं?"

"फोडणार. ते फोडणारेच. परवा शनिवारी, सगळ्यांसमोर."

उघडून परत बंद केलेलं पाकीट हा त्या खोलीतला सर्वांत मोठा गुन्हा होता. विमा विकणाऱ्या एका माणसाने मागे तसं केलं होतं, चांगली पानं काढून फालतू भरली होती. तेव्हापासून त्याला दुकानाची पायरी बंद होती, आणि तो शनिवारी समोरच्या फुटपाथवर उभा राहून खोलीकडे बघायचा. आता तिच्या नवऱ्याला त्याच्या शेजारी जागा मिळणार होती. या माणसाला आयुष्यात शनिवार दुपार सोडून दुसरी चैन नव्हती. आणि दुसरं एक होतं, जे तिने स्वतःशीसुद्धा उशिराच कबूल केलं. तिचं पान, जे एका माणसाने बघावं म्हणून ती वर्षभर थांबली होती, ते आता परक्या माणसाच्या हातात पडणार होतं, आणि चार लोक तिच्या नवऱ्याच्या पोटाला हसणार होते.

शुक्रवारी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. कारण हवं म्हणून दात पुढे केला.

"कुठला दुखतो?" डॉक्टरांनी विचारलं.

दुखत कुठलाच नव्हता. तिने एकाकडे बोट दाखवलं.

"हा किडलाय," डॉक्टर म्हणाले, आणि तिला खुर्चीत आडवं केलं.

दाताच्या डॉक्टरांना बोलायची हौस फार, आणि धंदा असा की समोरच्याला तोंड उघडं ठेवून ऐकावंच लागतं. प्लास्टरच्या जबड्यांशेजारी फळीवर हिरवं पाकीट ठेवलं होतं, आणि डॉक्टर दात कोरता कोरता त्याच्याबद्दलच बोलत होते. हिरव्यात गेंडा निघतो म्हणतात. आपल्याला निघणार नाही, आपलं नशीब माहीत आहे. पण फोडायची मजा वेगळीच. बायको असती तर म्हणाली असती, तुम्ही लहान आहात का. बायको करायची राहून गेली. तोंड आणखी उघडा.

दात बुजवून झाल्यावर अर्धा चेहरा बधिर असताना तिने सरळच विषय काढला. "ते हिरवं पाकीट परत द्या. निळं आणून देते."

"का?"

खरं सांगितलं तर नवरा बुडत होता. "मला त्याचा रंग आवडतो," ती म्हणाली.

"वहिनी," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "बंद पाकीट आवडणं हा आजार आहे. तुमच्या घरात एकाला आहे तेवढा पुरे. उद्या या दुकानात, तुमच्यासमोर फोडतो. आणि तासभर काही खाऊ नका."

शनिवारी ती नवऱ्याबरोबर निघाली. त्याला आश्चर्य वाटलं आणि मग इतका आनंद झाला की तिला आणखीच कसंतरी झालं. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत कधी आली नव्हती. त्याने तिच्यासाठी खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि सगळ्यांना सांगितलं, "ही आमची मंडळी. हिरवं हिनेच दिलं होतं."

खोलीत वह्यांचे गठ्ठे, गोंदाचा वास आणि मध्ये एक लांब टेबल. डॉक्टरांनी पाकीट नाकाला लावून हुंगलं, कारण तसं करायची पद्धत आहे, मग फोडलं. पानं ते एकेक करून हत्यारं मांडावी तशी टेबलावर मांडत गेले. साधं. साधं. साधं. परत साधं. मग बाल्कनीतला बोका.

कोणीतरी फिसकन हसलं. मग हसणाऱ्याच्याही लक्षात आलं. स्टेशनरीवाल्याने फाटलेलं पाकीट उचललं, खालची कड उजेडात धरली, चष्मा काढून बघितली, चष्मा लावून बघितली.

"हे उघडून परत बंद केलेलं आहे," तो म्हणाला.

खोलीतल्या सगळ्यांनी लिफ्टवाल्याकडे न बघण्यासाठी वेगवेगळ्या दिशा शोधल्या.

"माझ्याकडे आलं तसं ठेवलं होतं," लिफ्टवाला म्हणाला. विमावाल्यानेही नेमकं हेच वाक्य म्हटलं होतं. त्याचा चेहरा उतरला. तो कोणाला फसवणारा माणूस नव्हता, आणि तसं सिद्ध करता येईल असंही त्याच्याकडे काही नव्हतं.

ती उठली. "मी केलं. त्यांना काही माहीत नाही."

तिने सगळं सांगितलं, कारखाना, जेवणाची सुट्टी, सील. बोलताना बुजवलेला दात ठणकत होता. स्टेशनरीवाल्याने न्यायाधीशासारखा घसा साफ केला. "आतलं चकाकणारं काढून घेतलंत का?"

"घेतलं. जाडं जनावर होतं. शिंगवालं."

लिफ्टवाला हळूहळू उभा राहिला. "शिंग निळं होतं?"

"हो."

"कुठे आहे?"

"फ्रिजखाली. पुढच्या डाव्या पायाला."

लिफ्टवाला हळूहळू खाली बसला. रोज त्याच फ्रिजमधून तो दूध काढत होता.

डॉक्टरांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. ते बोक्याचं पान वाचत होते. आणि कुठलंही पान निघालं की मोठ्याने वाचायचं, ही त्यांची सवय असल्याने त्यांनी हेही वाचलं. शक्ती, कमजोरी, चहा, फोन, अडकलेल्यांना धीर, सगळं. तिचे कान तापले. खोलीत कोणी हसलं नाही. बनियनच्या भोकालासुद्धा कोणी हसलं नाही, कारण जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या शर्टाखाली तसंच काहीतरी असावं.

लिफ्टवाल्याने हात पुढे केला. "बघू."

डॉक्टरांनी पान दिलं नाही. "फोडलं कोणी?"

"तुम्ही."

"दुकानाचा नियम काय?"

"ज्याने फोडलं त्याचं," स्टेशनरीवाला नाइलाजाने म्हणाला.

"पण ते माझ्यासाठी केलेलं आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"होतं ना. वर्षभर तुमच्याच कपाटात होतं. तुम्ही ते निळ्याच्या बदल्यात मला दिलंत."

लिफ्टवाल्याने डॉक्टरांच्या हातातल्या चित्राकडे लांबूनच पाहिलं, आपल्याच खुर्चीकडे, आपल्याच मिटलेल्या डोळ्यांकडे. मग म्हणाला, "रांग घ्या."

"कुठली?"

"सगळी. कपाटासकट."

तिला वाटलं होतं, तो आधी विचार करेल. त्याने विचार केला नव्हता. तिने नवऱ्याकडे नीट बघितलं.

"मी रांगेचं काय करू?" डॉक्टर म्हणाले. "मी फोडणारा माणूस. मला हे पान खेळायचंय. यात लिहिलंय की टाकणाऱ्याला लगेच चहा मिळेल. लगेच म्हणजे उद्या संध्याकाळी चालेल, आज दवाखाना आहे. साखर कमी." ते पान खिशात घालता घालता थांबले आणि तिला म्हणाले, "कंपनीचं सील इतकं सरळ नसतं हो, वहिनी. मला हुंगताना कळायला हवं होतं."

वर्षभरात त्या पाकिटाबद्दल तिला मिळालेला हा पहिला चांगला शब्द होता.

लिफ्टवाल्याला पायरी बंद करावी की नाही, यावर स्टेशनरीवाल्याने थोडा विचार केला. नियम माल काढून फालतू माल भरण्याबद्दल होता. हे पान फालतू आहे असं म्हणायला कोणी तयार होईना. गेंडा डॉक्टरांना मिळाला की विषय संपला, असं ठरलं.

घरी जाताना तो म्हणाला, "त्या दिवशी फोनची बॅटरी मेली होती."

"हो."

"तुझ्या लक्षात राहिलं."

"तुम्ही झोपला नव्हतात, पण डोळे मिटले होते."

दोन घरं मागे पडल्यावर तो म्हणाला, "मी ते उघडायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. तिला राग आला होता आणि तो लपवायचं तिने आता काही कारण ठेवलं नव्हतं. "वर्षभर वाट बघितली मी. रोज."



रविवारी संध्याकाळी डॉक्टर आले, पायताण काढलं, बोक्याचं पान बाल्कनीतल्या छोट्या टेबलावर सरळ ठेवलं आणि खुर्चीत बसले. गेंडा सकाळीच फ्रिजखालून काढून, धूळ पुसून ताटलीत ठेवला होता. त्यामुळे फ्रिज परत डुगडुगायला लागला होता. तिने साखर कमी घालून चहा दिला आणि नियमाप्रमाणे तोंड मिटून शेजारच्या स्टुलावर बसली. लिफ्टवाल्याचा या पानाशी संबंध नसल्याने तो आत, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आपल्या खुर्चीत बसून दुसरा माणूस आपला चहा पितोय, हे त्याला तिथून पूर्ण दिसत होतं.

डॉक्टरांशी कोणी बोलायचं नाही असं पानात होतं. डॉक्टरांनी बोलायचं नाही असं कुठेच नव्हतं. ते अक्कलदाढेवर बोलले, भाड्यावर बोलले, हिरव्या पाकिटांच्या छपाईवर बोलले. मध्येच त्यांचा फोन वाजला. तिने हात पुढे केला आणि घेतला, कारण कोणाची बायको हे पानात लिहायचं राहून गेलं होतं. "हो, दवाखान्याचाच नंबर. सुजलंय का? मग कोमट पाण्याने चूळ भरा. घाबरू नका. डॉक्टर चहा घेतायत." तिने फोन ठेवला.

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात होतं, पण ते त्यांनी तिथेच सोडलं. उरलेला अर्धा कप ते गप्प बसून प्यायले. समोरच्या गच्चीवर कोणाचे तरी कपडे वाळत होते, ते बघितले. शेवटी कप ठेवला आणि म्हणाले, "फ्रिज फार वाजतो तुमचा."

मग उठून त्यांनी ताटलीतला गेंडा घेतला, पाठीवरच्या खळग्यावरून बोट फिरवलं, "खेळायला चालेल," म्हणाले आणि तसाच शर्टाच्या खिशात कोंबला. लिफ्टवाल्याने डोळे मिटून घेतले. बोक्याच्या पानाला डॉक्टरांनी हात लावला नाही.

"हे राहिलं," लिफ्टवाला म्हणाला.

"राहिलं नाही. वापरलं. वापरलेलं पान मूळ मालकाच्या ढिगात जातं, एवढं तुम्हाला माहीत असायला हवं होतं. पण तुम्ही कधी खेळलातच नाही." दारात पायताण घालताना ते तिला म्हणाले, "माझं असं चित्र कोणी काढलेलं नाही. पोट मात्र जरा जास्त काढलंत यांचं."

"आहे तेवढंच आहे," ती म्हणाली.

डॉक्टर गेले. ती कप घेऊन स्वयंपाकघरात आली. मागे लिफ्टवाल्याने पान उचलल्याचं तिला कळलं. मग काचेच्या कपाटाचं दार कुरकुरलं, आणि तिच्या मनात आलं, झालं, आता हाही बोका दिव्याखाली बसणार. तिने नळ सोडला. वळून बघायची तिला इच्छा नव्हती.

तेवढ्यात काहीतरी फाटल्याचा आवाज आला. नवशिक्या माणसाने फाडावं तसा, आधी नखाने, मग बोटांनी, मग बहुतेक दातांनी. तिने नळ बंद केला. लिफ्टवाला फ्रिजसमोर गुडघ्यांवर बसला होता. शेजारी निळं पाकीट आडवंतिडवं फाटून पडलं होतं, आणि तो वर आलेलं पहिलंच पान पुढच्या डाव्या पायाखाली सरकवत होता. फ्रिज एकदा हलला आणि गप्प झाला.

तो उठला, गुडघे झटकले, बाल्कनीत जाऊन आपल्या खुर्चीत बसला आणि खिशातून बोका काढून टेबलावर ठेवला. पान सुलटं, चित्र समोरच्याकडे, नियमात असतं तसं. शेजारी फोन ठेवला.

"टाकलं," तो म्हणाला.

तिने चहा केला आणि नेऊन दिला. निळ्यातलं कुठलं पान फ्रिजखाली गेलं, ते तरी बघितलं का, हे विचारायचं तिच्या अगदी जिभेवर होतं. पण पान पडलेलं होतं आणि कप भरलेला होता. ती फोन उचलून आत आली. त्याने डोळे मिटले.

फोन वाजलाच. तिने बाल्कनीचं दार ओढून घेतलं.

"हो, लिफ्टवाल्यांचंच घर," ती हळू आवाजात म्हणाली. "कुठल्या मजल्यावर अडकलात? आत दिवा चालू आहे ना? मग काही काळजी नाही. भिंतीला टेकून बसा. येतात ते. अजून अर्धा कप आहे."